कर्णिकबाई आणि शिवेवरची आई

शाळेच्या स्मरणिकेत कर्णिकबाईंवर चार ओळी छापून आल्या आहेत. 'मनमिळाऊ, शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसणाऱ्या आदर्श शिक्षिका.' ज्याने हे लिहिलं त्याने बाईंना पाहिलेलं नसावं, किंवा पाहिलं असेल तर लांबून आणि पाठमोऱ्या. बाई मनमिळाऊ नव्हत्या. शांत तर मुळीच नव्हत्या. आणि त्या ज्याच्या अध्यातमध्यात नव्हत्या असं एखादं भांडण त्या काळात अंबरनाथ पश्चिमेत झालं असेल, तर ते मला कुणीतरी दाखवावं. शिक्षकखोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी वर्षानुवर्षं गणिताच्या वह्या तपासल्या. चार ओळींत त्यांना असं गुळगुळीत करून टाकलेलं मला चालणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

बाई इतिहास शिकवत. ठेंगणा बांधा, सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी. पायांत पुरुषांसारख्या जाड सोलच्या चपला. त्यांचे यजमान कारखान्यात अधिकारी होते आणि फार कमी बोलत. बाई म्हणत, "घरातला बोलण्याचा कोटा मी एकटीच संपवते, त्यांना उरतच नाही."

सकाळी शाळेत आल्या की आधी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. तेही शाईच्या पेनाने. पेन्सिलीला त्या भित्र्यांचं हत्यार म्हणत. कोड्याच्या खाली उलट्या अक्षरांत उत्तरं छापलेली असत. बाई पेन उघडण्याआधी ती पट्टी कात्रीने कापून काढत, घडी करत आणि माझ्या कंपासपेटीत टाकत.

"सुमन, ठेव हे तुझ्याकडे. मागितलं तरी देऊ नकोस."

त्यांनी ते कधी मागितलं नाही. एखादा शब्द अडला की तो चौकोन तसाच रिकामा राही. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, कधी ऐन परीक्षेच्या पर्यवेक्षणात त्यांना तो सुचे आणि जुना कागद पिशवीतून काढून त्या तो भरून टाकत. माझी कंपासपेटी मात्र बाईंच्या उत्तरांनी भरून जाई. एकदा मी न राहवून म्हटलं, "बाई, बघून टाका ना एकदाचं." त्यावर त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या ताटातला घास उचलून मी जेवले म्हणू का?"

इतिहासही त्या असाच शिकवत. सनावळ्या पाठ करून आलेल्या मुलांना त्या पोपट म्हणत आणि पोपटांना मार्क देत नसत. यावरून हेडसरांशी त्यांचं कायम वाजे. एका वर्षी त्यांनी नववीच्या मुलींना उल्हासनगरला नेलं. युद्धाच्या काळात सैन्यासाठी बांधलेल्या बराकी, फाळणीनंतर त्यांत आलेली सिंधी कुटुंबं, एवढं पुस्तकात होतं. बाईंनी मुलींना एका बराकीत, पापडाच्या दुकानात उभं केलं आणि भिंत दाखवली. भिंतीत लोखंडी कड्यांची एक रांग होती, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"ही इतकी खाली कशाला?" बाईंनी विचारलं.

मुलींनी दुकानदाराकडे पाहिलं. तो म्हातारा सिंधी हसला. "मॅडम, ये तो दीवार के साथ मिला. हमने रस्सी बांधी, पापड सुखाया. पूछने का टाइम किसको था?"

तोच प्रश्न बाईंनी सहामाहीच्या पेपरात घातला. कुणी घोडे बांधले, कुणी कैदी, कुणी तोफा. एका मुलीने मात्र लिहिलं की घोडे नसावेत, कारण दार अरुंद आहे. कैदी नसावेत, कारण खिडक्यांना गज नाहीत. म्हणून मला माहीत नाही. बाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले. दुसऱ्या दिवशी तोफा लिहिणाऱ्या मुलीचे वडील तावातावाने शाळेत हजर.

"माहीत नाही या उत्तराला पूर्ण मार्क?" हेडसरांनी विचारलं.

"बाकीच्यांनी ठोकून दिलं सर. हिने आपल्याला माहीत नाही हे सिद्ध केलंय. तुम्ही करून दाखवा."

"मग बरोबर उत्तर काय आहे?"

"मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या, आणि तास होता म्हणून निघून गेल्या. ते मार्क शेवटपर्यंत बदलले नाहीत. हेडसरांनी बाईंना त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या समितीतून वगळलं. बाईंनी ती सुट्टी समजून मजेत घालवली.

आता त्या दगडाची गोष्ट. बाई म्हटल्या की मला तो दगडच आठवतो.

नदीकाठच्या वनभोजनासाठी आम्ही मुलींना घेऊन बदलापूरला, मांजर्लीच्या पुढे, सोनिवलीच्या वाटेला गेलो होतो. तिथे एका वाडीबाहेर, दोन गावांच्या शिवेवर, शेंदराने माखलेला एक उभा दगड होता. कमरेइतका वर, बाकीचा जमिनीत. दोन मुली त्याला पाठ टेकून बसल्या तशी एक बाई शेतातून ओरडत आली.

"उठा गो पोरींनो, उठा. आय हाय ती. तिला पाठ टेकतांव?"

ही ठकूबाई. दगडाला शेंदूर लावायचा मान तिच्या घराकडे होता. बाईंनी मुलींना उठवलं आणि स्वतः दगडापुढे उकिडव्या बसल्या. बाई देवाधर्मातल्या नव्हत्या. अंबरनाथच्या देवळातसुद्धा त्या हात मागे बांधून फिरत, फक्त बघत. पण त्या दिवशी त्या इतका वेळ बसून राहिल्या की ठकूबाईला वाटलं बाईंना नवस करायचा आहे. बाईंना शेंदराखाली दोन उंचवटे दिसले होते, एक गोल आणि एक कोरीसारखा.

"सूर्य आणि चंद्र," परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या. "सुमन, खाली काहीतरी लिहिलेलं आहे."

तिथून पुढे त्यांना वेड लागलं. रविवार आला की बाई वाडीवर. पुष्कळदा मीही बरोबर असे. शेंदूर खरवडायची गोष्ट त्यांनी कधी काढली नाही. शेंदूर लोकांचा, आपण कोण, असं म्हणत. मग त्या माणसांनाच विचारत बसत. गावात बांधावरून तंटा झाला की दोघांना या दगडापुढे आणतात, हे त्यांना ठकूबाईकडून कळलं. दगडावर हात ठेवून म्हणायचं, ही शीव माझी, खोटं बोललो तर गाढव लागो.

"गाढवच का?" बाईंनी विचारलं.

"आता ता काय ठावं? आमचा आजा पन तसाच बोलं."

दुसरी गोष्ट बाईंनी स्वतः पाहिली. पलीकडच्या वीटभट्टीवरची गाढवं कधीच या वाटेने येत नसत. विटा लादून ती मोठा वळसा घालून जात. भट्टीवाल्यालाही कारण ठाऊक नव्हतं. तिसरी गोष्ट माझ्यासमोर घडली. पाऊस संपला, दसरा जवळ आला, तशा वाडीतल्या बायका घमेली घेऊन आल्या आणि पावसाने धुपलेली माती पुन्हा दगडाभोवती घालून त्यांनी ती पायाने दाबली. दर साली घालतात, म्हणाल्या. दगड बरोबर कमरेइतका वर राहील एवढीच.

सोमवारी शिक्षकखोलीत बाई शब्दकोडं न उघडताच बसल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी डबाही उघडला नाही. मग एकदम म्हणाल्या, "सापडलं." हेडसर तेव्हाच काहीतरी सूचना द्यायला आत आले होते. बाईंना ते दिसले असतील किंवा नसतील, पण दिसले असते तरी फरक पडला नसता.

"शिलाहार राजांच्या वेळचा दानाचा दगड आहे तो. राजा कुणाला जमीन द्यायचा, तर शिवेवर असा दगड रोवायचा. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर हे दान राहील. मधे लेख. आणि खाली चित्र. गद्धेगाळ म्हणतात त्याला. जो ही जमीन बळकावेल त्याच्या आईला गाढव लागेल, असा शाप. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच दगडात कोरून दाखवायचं. बाई खाली, गाढव वर."

पीटीचे सर खडूच्या डब्यात काहीतरी शोधू लागले.

"कर्णिकबाई," हेडसर म्हणाले, "इथे लेडीज स्टाफ बसलेला आहे."

"मीही त्यातलीच आहे सर. हजार वर्षं ती बाई त्या दगडावर कोरलेली आहे, तिला कुणी लेडीज म्हणून सोडलं नाही. जमीन लाटणार हा, आणि भोगायचं याच्या आईने. तो शाप लिहिणाऱ्याला काडीची अक्कल असती तर गाढव यालाच नसतं का लावलं?"

त्यांचा आवाज चिरका झाला होता. कोडं सुटल्याचा आनंद त्यात होताच, पण राग त्याहून मोठा होता. हे मी त्यांच्यात आधी पाहिलं नव्हतं. जुन्या काळाबद्दल लोक हळहळतात किंवा मिशीला पीळ देतात. बाई त्या काळाशी समोरासमोर भांडत होत्या, जणू तो राजा पुढच्या गल्लीत राहतो आणि संध्याकाळी घरी भेटेल.

त्यांनी मुंबईच्या एका अभ्यासकांना कळवलं. ते गृहस्थ सज्जन होते, लगेच आले. बरोबर कॅमेरा, ब्रश, रॉकेलची बाटली. दगडाभोवती फिरून ते म्हणाले, "तुमचा तर्क उत्तम आहे, पण तर्कच आहे. शेंदूर काढायला हवा, आणि दगड पूर्ण खणून काढायला हवा. लेख मिळाला तर तुमच्या नावाने प्रसिद्ध करू. नाहीतर याला काही अर्थ नाही."

बाईंचे डोळे असे लकाकले की मला वाटलं, आता त्या स्वतःच फावडं मागतील. त्यांना तो लेख वाचायचा होता. किती, ते मला विचारा. त्यासाठी त्यांनी जुनी लिपी शिकून घेतली होती, ओट्याशी पोळ्या लाटताना फडताळावर अक्षरांचा तक्ता टाचून. निवृत्तीनंतर काय करणार असं कुणी विचारलं तर म्हणत, तो दगड वाचणार.

ठकूबाई बाजूला उभी होती. तिने बाईंना विचारलं, "खाली काय हाय, बाय?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी तिला बाजूला नेलं आणि जे होतं ते सांगितलं. ठकूबाईने दगडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमाला ठावं नव्हतं. पन माती घालायची, येवढं ठावं हाय."

बाई तिथेच थांबल्या. त्या वाक्याने त्यांच्या मनात काय झालं ते मला नंतर कळलं, कारण नंतर त्यांनीच मला समजावलं. गावातल्या बायका दर वर्षी माती का घालतात हा चौकोन त्यांचा रिकामाच राहिला होता. तो आता भरला. कधीतरी, कुणा बायकांनी, ते चित्र पाहिलं असणार. राजाचा दगड उपटायची त्यांची ताकद नव्हती. म्हणून त्यांनी त्या बाईला मातीने झाकलं, वर शेंदूर लावला आणि तिला आई म्हटलं. पुढे कारण विसरलं, पण माती घालणं कुणी सोडलं नाही.

बाई परत आल्या आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, "खणायचं नाही."

"अहो, मग तुमचं म्हणणं सिद्ध कसं होणार?"

"नाही होणार."

"तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका आहात ना?"

"म्हणूनच. त्या राजाने काय केलं ते तुम्हाला दगडात हवंय. या बायकांनी काय केलं ते मातीत आहे. तुमच्यासाठी मी ते पुसू देणार नाही."

गृहस्थ रॉकेलची बाटली घेऊन परत गेले. आम्ही रिक्षाने परतलो. घरापाशी उतरताना बाई म्हणाल्या, "वाचायचं होतं गं मला." मला त्यांचा फार राग आला आणि फार अभिमानही वाटला. मला दोन्ही लपवता आलं नाही, म्हणून मी रिक्षावाल्याशीच भांडले.

बाई निवृत्त झाल्या तोवर बदलापुरात जिकडेतिकडे इमारती उठू लागल्या होत्या. वाडीशेजारची जमीन गोविंदशेठने एका बिल्डरला दिली. गोविंदशेठ त्याच गावचा, भाताच्या शेतातून थेट जीपमध्ये बसलेला. त्याने आपली हद्द सांगितली ती दगडाच्या पलीकडे ओढ्यापर्यंत. मधली पट्टी गावाची गुरचरण होती, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण कागद त्याच्याकडे होते, आणि एका सकाळी बुलडोझरही आला.

ठकूबाईचा मुलगा सायकल मारत बाईंकडे आला. बाईंनी मला बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा वाडीतल्या बायका दगडाभोवती उभ्या होत्या, आणि जीपला टेकून गोविंदशेठ. बाई सरळ पुढे गेल्या.

"गोविंदशेठ, शीव तुमची आहे ना? मग हात ठेवा दगडावर आणि म्हणा."

तो हसला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. ही अंधश्रद्धा आहे."

"मी कुठे मानते? हे बघा." बाईंनी पदर खोचला आणि शेंदरावर अख्खा पंजा टेकवला. "ही जमीन माझी नाही. खोटं बोलत असेन तर गाढव लागो. झालं. तुम्हीही मानत नाही ना? मग अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

कामगार बघत होते. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गोविंदशेठ दोन पावलं पुढे आला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी पुढे आली आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. ती त्याची आई होती. त्या शापात काय आहे ते ठकूबाईने एव्हाना वाडीतल्या सगळ्या बायकांना सांगितलेलं असणार.

"ठेव ना रे हात," ती म्हणाली. "येनार ता माज्यावर येनार हाय. मी हाय हितं उभी. ठेव."

गोविंदशेठचा हात पँटच्या खिशात गेला. "घरी चल गं तू," एवढंच तो म्हणाला. ती जागची हलली नाही. थोड्या वेळाने तोच जीपमध्ये बसला आणि मागोमाग बुलडोझर वळला.

इमारत झाली. नाही झाली असं नाही. पण तिचं कुंपण सरळ येता येता दगडाअलीकडे वाकतं आणि गुरचरण सोडून पुन्हा सरळ होतं. आजही तिथे नवीन राहायला आलेले लोक विचारतात की ही भिंत वाकडी का. बाईंच्या मते तो पेपरात घालण्यासारखा प्रश्न होता.

त्या दिवशी परतताना त्यांचा पंजा शेंदराने लाल होता आणि त्या तो पुसत नव्हत्या. "तो राजा मूर्खच होता," त्या म्हणाल्या. "आईला शिक्षा म्हणून त्याने तिला कोरलं. तीच उभी राहील हे त्या गाढवाला कुठे सुचलं होतं?"

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. त्या पावसाळ्यात नदी मांजर्लीतल्या घरांत शिरली होती, वाडीचीही बरीच माती वाहून गेली होती. दसऱ्याआधी बायका घमेली घेऊन निघाल्या आणि बाईंनी हट्टाने माझ्यासकट रिक्षा केली. त्यांचा श्वास लागत होता. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं होतं. "हा कुठे जिना आहे?" असं म्हणून त्या ओल्या मातीचं घमेलं कमरेवर घेऊन चालू लागल्या.

दगडाभोवती मोठा खड्डा पडला होता. एवढी माती आजवर कधी गेली नव्हती. शेंदराची कड संपून खाली काळा, स्वच्छ धुतलेला दगड उघडा पडला होता. त्यावर ओळी होत्या, आणि ओळींच्या खाली आणखी काही होतं. मी बाईंच्या पुढे होते. मला ते आधी दिसलं.

"बाई," मी म्हटलं, "दिसतंय."

बाई खड्ड्याच्या कडेशी आल्या. मान जरा खाली वाकवली असती तर पुरे होतं. चष्मा डोळ्यांवर होता, ऊन स्वच्छ होतं. त्यांनी मान वळवली ती माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे बघत, खाली न बघता, त्यांनी घमेलं पालथं केलं.

मी काय पाहिलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. त्यांची उत्तरं माझ्याकडेच ठेवायची आमची रीत होती.

बाईंनी रिकामं घमेलं माझ्या हातात दिलं आणि पायाने माती दाबू लागल्या.

"बघत काय बसलीस, सुमन? अजून एक आण."